उजेडाकडे तोंड करून बसलेल्या बाईंना

बाई,

नमस्कार. तुमची बदली झाल्याचं मला हर्णै बंदरावर कळलं, संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत. फोन केला तेव्हा घसा दाटून आला, नीट बोलताच आलं नाही. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं असं उघड लिहितेय. वर श्रीवर्धनपासून खाली गुहागरपर्यंत आमच्यासारखी घरं असणारच. आमच्या ऐकू न येणाऱ्या पोरासाठी तुम्ही घरी येऊन काय केलंत ते त्यांना कळायला हवं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जून संपत आला होता. मासेमारी बंद, बोटी खाडीत नेऊन लावलेल्या, सगळी पुरुषमाणसं घरात. सासूबाईंनी तुम्हाला खुर्ची दिली, दाराकडे पाठ होईल अशी. पोरगा माझ्या पदरामागे. कोणी नवीन आलं की तो तिथंच असायचा. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग मान वळवून दाराकडे बघितलंत, आणि उठलात. खुर्ची भिंतीला लावलीत आणि आतल्या बाजूला लादीवर मांडी घालून, दाराकडे तोंड करून बसलात. मला वाटलं, मागून पावसाचे शिंतोडे येत असतील. पण आता तर ते तुमच्या तोंडावरच येत होते. चष्मा ओला झाला, तुम्ही पदरानं पुसलात, परत घातलात आणि तिथंच बसून राहिलात.

आणि थांबलात. त्याला हाक नाही मारलीत, टाळ्या नाही वाजवल्यात, चॉकलेट नाही दाखवलंत. तोवर ज्यांच्याकडे त्याला नेलं होतं त्या सगळ्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं होतं. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसलात. तुमच्या चहावर साय धरली. मग तो आपण होऊन बाहेर आला, तुमच्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं तुमच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा कुठं तुम्ही हात उचललेत.

जाताना ह्यांनी विचारलं की खुर्ची का नको झाली. तुम्ही म्हणालात, "दाराकडे पाठ केली की माझं तोंड त्याला काळं दिसतं."

बाई, त्या रात्री मी झोपले नाही. माझा ओटा खिडकीखाली आहे. मी भाकऱ्या थापता थापता, पाठमोरी, त्याच्याशी बोलायची. दारात उभी राहून हाका मारायची. पाच वर्षं मी त्याच्याशी काळोखातून बोलत होते आणि हे मला एकानेही सांगितलं नव्हतं.

आणि आम्ही कमी दारं नव्हती ठोठावली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तो वर्षाचा होता. समोरच्या घराचे पत्रे उडून आमच्या अंगणात पडले, माड कडाकड मोडत होते, सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, आणि हा माझ्या मांडीवर गाढ झोपलेला. शेजारीण म्हणाली, किती गुणाचं बाळ! मला त्या झोपेची भीती वाटली. पुढं ज्याला विचारावं तो सांगे, मुलगे उशिरानंच बोलतात, ह्याचा काका तर चार वर्षांनी बोलला. एका डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि कान स्वच्छ आहेत म्हणून सोडून दिलं. मुंबईला जाऊन बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी, झाली तोवर तो तीन वर्षांचा होत आला होता. दोन्ही कानांना अगदीच कमी ऐकू येतं, असं कागदावर आलं.

कानाची यंत्रं मिळाली. आणि एका केंद्रात जायला लागलो, पहाटेची एसटी पकडून. तिथं पहिल्याच दिवशी बजावलं, घरात हातवारे एकदम बंद. हातांनी सांगायची सवय लागली तर तोंडानं कधी बोलणार नाही. पाणी हवं असेल तर पेला दाखवून हातात धरायचा आणि तो "पा" म्हणेपर्यंत द्यायचा नाही. वर्गात मुलांना हात मांड्यांखाली घेऊन बसवायचे. मी हे सगळं केलं, बाई. मे महिन्यात, घामानं निथळणाऱ्या पोरासमोर पाण्याचा पेला धरून उभी राहिले. तो रडायचा आणि मी केंद्रातल्या माणसांवर विश्वास ठेवायची. खुणांची भाषा येणारे शिक्षक तयार करावेत, नेमावेत, असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलंय, हे मला पुढं तुमच्याकडून कळलं. कायदा होऊन सहा वर्षं उलटली होती आणि आमच्या पोराचे हात मांडीखाली होते.

ही हात बांधायची रीत कुठून आली तेही तुम्हीच सांगितलंत. 1880 साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलण्यातूनच शिकवायचं. ते ठराव चुकीचे होते असं म्हणायला 2010 साल उजाडावं लागलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. एकशे तीस वर्षं! ऐकून ह्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं होतं, आठवतं?

ह्यांचं मला नवल वाटलं. मला वाटत होतं, पुरुषमाणूस लाजेल. पण साइन, म्हणजे ही खुणांची भाषा, सगळ्यात आधी ह्यांनाच आली. बोटीवर मशीन सुरू असलं की तांडेल काय ओरडतो ते कोणाला ऐकू येत नाही, तिथं सगळं हातांवरच चालतं. जाळं सोड, ओढ, थांब, डावीकडे घे. हे म्हणाले, आम्ही सगळे निम्मा दिवस बहिरेच असतो की. सासूबाईंना मात्र पटत नव्हतं. मग तुम्ही त्यांना दाखवलंत की बाईमाणूस म्हणायचं तर नाकाला बोट लावायचं, चमकीच्या जागी, आणि पुरुष म्हणायचं तर मिशीला पीळ द्यायचा. त्यांनी आपल्या चमकीला हात लावून बघितला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडून शब्द शिकून घ्यायला लागल्या.

तुम्ही आम्हाला फोनवर तो सरकारी साइन कोश लावून दिलात. 2018 मध्ये 3,000 शब्दांनी सुरू झाला आणि 2021 मध्ये 10,000 वर गेला, म्हणालात. रात्री जेवणं झाली की आम्ही चौघं एका फोनभोवती बसायचो. चुकलं की पोरगाच आमची बोटं धरून सरळ करायचा. प्रश्नाचा शब्द साइनमध्ये शेवटी येतो हे मला फार आवडलं. आपण "तुझं नाव काय" म्हणतो, तसाच "काय" शेवटी. परकी भाषा शिकतोय असं वाटलंच नाही.

नावावरून आठवलं. ह्या पोराला पाच वर्षांत आम्ही लाखो वेळा हाक मारली असेल. त्याला आपलं नाव आहे हेच माहीत नव्हतं. तुमच्या थोरल्या बहिणीला तुम्ही एका रविवारी घेऊन आलात. त्याआधी त्यानं मोठं झालेलं बहिरं माणूस बघितलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, साइनमधलं नाव मी नाही द्यायचं, ते बहिऱ्या माणसानं द्यायचं असतं. ताई दिवसभर त्याच्याबरोबर वाळूत खेळल्या आणि संध्याकाळी त्याच्या गालावरच्या खळीत बोट टेकवून फिरवलं. हे तुझं. तो आरशासमोर जाऊन किती वेळ तेच करत राहिला. मग एकेकाकडे येऊन आमच्याकडून करून घेतलं. माझ्याकडून तीनदा. बारशाला मी रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

आणि बाबांच्या बोटीवर जाण्याचं. बोट निघाली की तो दर खेपेला धक्क्यावर लोळण घ्यायचा. लोक म्हणायचे, हट्टी आहे, दोन ठेवून द्या. त्याला कसं कळावं की बाप परत येणार आहे? माणूस पाण्यात गेला, दिसेनासा झाला, एवढंच त्याला दिसत होतं, दर आठवड्याला. तुम्ही भिंतीवर कालनिर्णय लावायला सांगितलंत आणि शिकवलंत: समुद्र, झोप, झोप, झोप, झोप, मग बाबा परत. चार झोपा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं चार बोटं दाखवून दोनदा विचारून घेतलं. रोज सकाळी उठून एक बोट मिटायचा. पाचव्या सकाळी बोट खाडीत शिरली तेव्हा त्यानं बापाला नाही, मला मिठी मारली. मी खरं बोलले होते म्हणून. नंतरच्या खेपेला धक्क्यावर त्यानं हात हलवला. लोळण नाही घेतली.

यंत्रांचंही लिहायला हवं, इथल्या आयांना उपयोग होईल. विकणाऱ्यानं आम्हाला पावसाळ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आपल्याकडची हवा, चार महिने घरातलं मीठसुद्धा ओलं. यंत्र दमट होऊन बंद पडायचं आणि आम्हाला वाटायचं पोराचं ऐकणं आणखी गेलं. तुम्ही घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून दिल्यात. रात्री पुसायचं, बॅटरीचं दार उघडं ठेवून डब्यात टाकायचं. एवढंच. तो तोंडानं आता थोडं बोलतो, "आई" म्हणतो, "बाबा" म्हणतो, "बोट" म्हणतो. हात सोडल्यावर बोलायला लागला, आधी नव्हे. पुढं किती बोलेल माहीत नाही. मला आता त्याची घाई नाही.

तुमच्यासारखी माणसं बघितली की वाटतं, चांगुलपणाला फार काही लागत नाही, समोरच्याला काय दिसतंय तेवढं बघता यायला हवं. आमच्या एसटीचे कंडक्टर आता चिल्लर देताना आधी त्याच्या खांद्याला हात लावतात, त्यानं बघितलं की मग बोलतात. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांनी तुम्हाला तसं करताना बघितलं होतं.

मागच्या आठवड्यात वादळी पाऊस होता, लाइट गेली. पूर्वी लाइट गेली की तो आक्रस्ताळेपणा करायचा. आम्ही म्हणायचो, अंधाराला भितो. आता कळतं, अंधारात त्याचं घर मुकं होत होतं. ह्या वेळी तो उठला, चाचपडत जाऊन फळीवरची टॉर्च घेऊन आला, ती तांदळाच्या डब्यावर आडवी ठेवली, माझ्या हातांवर उजेड पडेल अशी. मग समोर येऊन बसला आणि म्हणाला, सांग.

तुमची बदली मी त्याला अजून नीट सांगू शकलेले नाही. गावाचं नाव कोशात सापडत नाही. ओळखीच्या माणसाबरोबर निवडलेला जवळा आणि थोडी सोडं पाठवतेय, दोन दिवस कडक ऊन दाखवा. आणि ताईंना विचारून त्या गावाची खूण काय ती व्हिडिओ कॉलवर दाखवा. दर सोमवारी दप्तर पाठीला लावून तो दारात उभा राहतो आणि चष्म्याची खूण करून विचारतो: बाई, घर, कधी?

तुमची,
हर्णैहून, खळीवाल्याची आई