मंत्रिमहोदय, कोळशाच्या जागी कांदा ठेवून बघा

प्रति,
माननीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

भारत-बांगलादेश कांदा व्यापारासाठी बंधनकारक करार व्हावा, यासाठी हे पत्र. दक्षिण आशियाची युरोपसारखी एक बाजारपेठ व्हावी, यावर सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या व्यासपीठावर बोलून झाले. २०१४ च्या काठमांडूनंतर ती शिखर परिषदच भरलेली नाही. साफ्टा हा दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे, पण त्याचा भर आयात शुल्क उतरवण्यावर. शेजाऱ्याने माल अचानक अडवला, तर तो करार कामी येत नाही.

युरोपने १९५१ मध्ये सुरुवात केली ती कोळसा आणि पोलाद एवढ्यावरच. देश सहा. त्या दोन वस्तूंपुरते सामाईक मंडळ नेमले आणि त्याचा निर्णय सरकारांवर बंधनकारक केला. टंचाई पडली तर माल कसा वाटायचा, तेही कलम ५९ मध्ये लिहून ठेवले. सार्कच्या सनदेत निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर! ऑगस्ट २०२४ मधील बांगलादेशातल्या सत्तांतरानंतर ढाक्याशी ताणाताणी झाली, हे खरे. पण कोळशाचा करार झाला तेव्हा महायुद्ध संपून सहाच वर्षे झाली होती.

भारत-बांगलादेशने कांद्यापासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवतो.

१४ सप्टेंबर २०२० ला भारताची कांदा निर्यातबंदी निघाली, ती तत्काळ लागू. लासलगावचा माल बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला पोचायलाच काही दिवस जातात, त्यामुळे वाटेतले आणि सीमेवरचे ट्रक अडकले. ताडपत्रीखाली कांदा उबतो, तळाच्या गोण्या आधी पाणी सोडतात. डिसेंबर २०२३ च्या बंदीत लाल (खरिपाचा) कांदा अडकला. तो उन्हाळ (रब्बी) कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही, मिळेल त्या भावाने काढावा लागतो. ‘बंदी घालण्याआधी कळवा’, असे बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना २०१९ मध्ये दिल्लीतच म्हणाल्या होत्या. मागणी अवास्तव नव्हती.

वाट आपल्याच दप्तरात आहे. मालदीवला २०२४-२५ साठी बंदीतही ३५,७४९ टन कांद्याचा कोटा दिला होता. तसाच बांगलादेशला द्या. बंदीआधी तीस दिवसांची सूचना आणि एलसी (बँकेचे पतपत्र) उघडलेल्या मालाला सूट, हे करारातच लिहा. बदल्यात ढाक्याने आयात परवाने कधी उघडणार, कधी बंद करणार, हे हंगामाआधी जाहीर करावे. बांगलादेशने संत्र्यावर वाढवत नेलेले आयात शुल्कही त्याच टेबलावर घ्या; अमरावती-नागपूरचे बागायतदार त्यात पोळले आहेत.

कोटा मात्र नुसता वार्षिक आकडा देऊन मोघम ठेवू नका, तिथेच घोटाळा होईल. त्यांचा कांदा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आपला उन्हाळही मार्च-एप्रिलपासून येतो. तेव्हा ते दार लावणार. सप्टेंबरनंतर आपल्या चाळी रिकाम्या होत जातात, तेव्हा आपण लावणार. म्हणून कोटा महिनावार पाडा, आणि मोठा हिस्सा जून ते ऑगस्टमध्ये ठेवा. तेव्हा इकडे चाळी भरलेल्या असतात आणि तिकडचा साठा उतरणीला लागतो.

आपले,
शेतमालाच्या सीमापार व्यापारात काम करणारे काही जण, नाशिक