टेबलावर न चढलेला बोर्ड आणि न उघडलेले दार : तक्रार पत्र

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : डोअर ॲक्सेस बोर्डची चाचणी न करताच चाचणी शुल्क घेतल्याबाबत व दाराच्या मॅग्नेटिक लॉकची जोडणी धोकादायक असल्याबाबत.

महोदय,

धुळ्यात देवपूर भागात मी अभ्यासिका चालवतो. साठ खुर्च्या आहेत आणि चोवीस तास उघडी असते. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारी साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडची मुलं-मुली इथे खोली करून राहतात आणि रात्र रात्र अभ्यासाला बसतात. याच अभ्यासिकेवर माझे घर चालते. रात्री दहाला मी घरी गेलो की हॉलचे दार कार्डावर चालते. २०१२ मध्ये तुमच्याकडूनच घेतलेला दोन दारांचा कंट्रोल बोर्ड, एक कार्ड रीडर, २७० किलो ताकदीचा मॅग्नेटिक लॉक आणि बॅटरीसह पॉवर सप्लाय, सगळे तुमच्याच माणसांनी येऊन बसवले. तेरा वर्षे त्याने इमानाने काम केले, हे मी आधीच मान्य करतो. जुनी वस्तू बिघडली म्हणून मी हे पत्र लिहीत नाही.

मे महिन्यात एका पहाटे पावणेचारला फोन आला. साक्रीकडची एक मुलगी, आवाज घाबरलेला. "भाऊ, दार उघडस नही." आत अकरा जण होते, त्यातल्या सहा मुली. कार्ड दाखवून झाले होते. आतले एक्झिट बटण दाबून दाबून त्यांची बोटे दुखली होती. बोर्डाचा दिवा लागत होता, बीप वाजत होता, पण दार जागचे हलत नव्हते. मी गाडी काढून दहा मिनिटांत पोचलो आणि बाहेरच्या खोलीतला मेन स्विच बंद केला. तरीही दार उघडले नाही. उघडणार कसे? मॅग्नेटिक लॉक वीज मिळते तोवर दार धरून ठेवतो. पॉवर सप्लायला ७ अँपिअर-अवरची बॅटरी जोडलेली, आणि लॉक घेतो जेमतेम अर्धा अँपिअर. वीज गेली तरी ते दार दहा-बारा तास सहज धरून राहिले असते. बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा कुठे लॉकने दार सोडले. उन्हाळ्यातली रात्र, पत्र्याची खोली, पंखेही मीच मेन पाडल्यामुळे बंद झालेले. एका मुलीला बाहेर ओट्यावर बसवून पाणी पाजावे लागले. त्या जागी आग लागली असती तर, हा विचार मनात आला की आजही माझी झोप उडते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सेवा केंद्राला फोन केला. बोर्ड काढून कुरिअरने पाठवा, बेंच टेस्टिंग (टेबलावर जोडून तपासणी) करून कळवतो, असे सांगण्यात आले. चाचणी शुल्क १,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,७७० रुपये मी आगाऊ भरले. एकोणीस दिवसांनी बोर्ड परत आला. सोबतच्या कागदावर दोन ओळी होत्या : "सर्व इनपुट व आउटपुट तपासले. बोर्ड डेड, दुरुस्ती शक्य नाही." मोजलेले व्होल्टेज, करंट, रिलेची (बोर्डाच्या हुकमावर लॉकची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचची) स्थिती यांचे रकाने त्याच कागदावर छापलेले आहेत. त्या प्रत्येकात नुसती आडवी रेघ. आणि मागे नव्या यंत्रणेचे ४६,००० रुपयांचे कोटेशन टाचलेले.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे दार एकच, त्यामुळे बोर्डावरचा दुसऱ्या रीडरचा पोर्ट तेरा वर्षांत कधी वापरलाच गेला नाही. त्या पोर्टच्या भोकांवर कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले होते. बोटाच्या पेराएवढे, वाळून कडक झालेले, चारही भोके बुजवून शेजारच्या दुसऱ्या रिलेच्या टर्मिनलपर्यंत पसरलेले. बोर्ड पाठवण्यापूर्वी मी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. माती मुद्दाम खरवडली नाही, कारण तपासणारा माणूस ब्रशने नीट काढेल, माझ्या हातून एखादा ट्रॅक तुटायला नको. बोर्ड परत आला तेव्हा ते घर जसेच्या तसे होते. कडेचा एक कणही झडलेला नव्हता. त्या भोकांत वायर घातल्याशिवाय दुसरा रीडर तपासता येत नाही. मग "सर्व इनपुट व आउटपुट" तुमच्या माणसाने तपासले कसे? आधीचे आणि नंतरचे, दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मी स्वतः आयटीआय केलेला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आहे. अभ्यासिका सुरू करण्याआधी बरीच वर्षे टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त केले. म्हणून रविवारी दुपारी तो बोर्ड मीच टेबलावर घेतला. काय केले ते सविस्तर लिहितो, कारण १,७७० रुपयांत निदान एवढे तरी तुमच्याकडून व्हायला हवे होते.

लाकडी फळीवर बोर्ड ठेवला. वीज देण्याआधी सप्लायच्या दोन टोकांत शॉर्ट आहे का ते मीटरवर पाहिले. नव्हता. मग १२ व्होल्टचा बेंच सप्लाय लावला आणि करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअरवर ठेवली, म्हणजे आत काही बिघाड असला तरी जळणार नाही. बोर्डाने ११० मिलिअँपिअर घेतले आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर ४.९८ व्होल्ट मिळाले. रीडरच्या डेटा-शून्य आणि डेटा-एक या दोन्ही तारांवर, कार्ड नसताना असायला हवेत तसे, ५ व्होल्टच्या आसपास. नोंदवलेले कार्ड धरले, बीप आला. नोंद नसलेले कार्ड धरले तर नकाराचा लांब बीप. म्हणजे मेंदू, स्मरण, कान सगळे शाबूत. घड्याळाचा बटणसेल तेवढा ३ व्होल्टऐवजी २.१ वर उतरलेला होता.

मग रिलेकडे वळलो. लॉकच्या जागी मोटरसायकलच्या पार्किंग लाइटचा ५ वॉटचा बल्ब आणि त्याला वेगळी बॅटरी, अशी जोडणी रिलेच्या कॉम आणि एनसी या टोकांतून केली. ही दोन टोके एरवी जोडलेली असतात आणि रिले ओढली की सुटतात, म्हणजे बल्ब विझायला हवा. हा बल्ब जवळजवळ लॉकइतकाच करंट घेतो. एक्झिट बटणाची दोन टोके वायरच्या तुकड्याने टेकवली. रिलेच्या कॉइलवर ११.८ व्होल्ट आले, म्हणजे बोर्ड हुकूम बरोबर देत होता. पण रिलेचा आवाज नेहमीसारखा खणखणीत "टक" असा नव्हता, दबका होता, आणि बल्ब विझला नाही. पुन्हा टेकवले, पुन्हा तेच. बल्ब काढून मीटर लावला तर रिले ओढलेली असतानाही कॉम आणि एनसी यांच्यामध्ये बझर वाजतच राहिला. आतले संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते. रिले काढून कव्हर उघडले तेव्हा आत काळा ठिपका आणि त्यात रुतलेली पत्ती उघड्या डोळ्यांनी दिसली.

आग्रा रोडवरून ३५ रुपयांची रिले आणून बसवली. बटणसेल बदलला. कार्ड धरले की बल्ब विझतो, पाच सेकंदांनी पुन्हा लागतो. शंभर वेळा करून पाहिले, एकदाही चुकला नाही. तुमच्या लेखी "डेड" असलेला तो बोर्ड हाच.

पण ही रिले जळाली का, हे तुम्हाला सांगणे मला जास्त गरजेचे वाटते. मॅग्नेटिक लॉक म्हणजे तारेचे मोठे वेटोळे. त्याचा प्रवाह तोडला की ते उलट्या दिशेने व्होल्टेजचा जोरदार झटका देते, आणि रिलेच्या उघडणाऱ्या पत्त्यांमध्ये ठिणगी उडते. तो झटका जिरवायला लॉकच्या दोन टोकांवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावतात, पट्ट्याची बाजू प्लसकडे. वन-एन-४००७ हा डायोड दोन रुपयांना मिळतो. तुमच्या पुस्तिकेतल्या आकृतीत तो स्पष्ट काढलेला आहे. मी लॉकचे झाकण उघडले, बोर्डाची टर्मिनले पाहिली, वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. डायोड कुठेच नाही. तुमच्या माणसाने तो लावलाच नव्हता. तेरा वर्षे दर वेळी दार उघडताना ती ठिणगी उडत राहिली. ४६,००० ची नवी यंत्रणा याच वायरिंगवर बसवली असती, तर तिचीही रिले आज ना उद्या अशीच चिकटली असती.

आणि त्याहून गंभीर बाब अशी की एक्झिट बटणाच्या दोन्ही तारा फक्त बोर्डाच्या इनपुटला जोडल्या आहेत. बटण दाबल्यावर बोर्डाने ऐकायचे, रिलेने लॉकची वीज तोडायची, मग दार उघडायचे. यातली एक कडी अडकली की बटण निकामी. आतून सुटण्याचे बटण लॉकची वीज थेट तोडणारे हवे, बोर्ड चालू असो वा बंद. काच दाबून चालणारे आणीबाणीचे बटणही तुम्ही दिले नाही. ज्या जागी माणसे कोंडली जाऊ शकतात तिथे अशी जोडणी करून जाणे मला माफ करता येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. चाचणी झालेली नाही, म्हणून १,७७० रुपये परत करा. ती खरेच झाली असेल, तर मोजलेल्या आकड्यांसह आणि तपासणाऱ्याच्या सहीने अहवाल द्या. त्या मातीच्या घरासकट रीडर-दोन कसा तपासला तेही त्यात लिहा. बोर्ड जुना म्हणून सुटे भाग ठेवत नाही म्हणालात, हरकत नाही. पण त्याची वायरिंगची आकृती आणि जम्परची (बोर्डावरच्या सेटिंग बदलणाऱ्या छोट्या जोडण्यांची) माहिती द्यायला काही खर्च नाही, ती पाठवा. आणि वर लिहिलेली जोडणी तुमच्या खर्चाने दुरुस्त करून द्या. डायोड मी स्वतः लावून घेतला आहे. वीज थेट तोडणारे बटण मात्र तुमच्या जबाबदारीवर बसले पाहिजे.

त्याच वर्षी त्याच माणसांनी धुळ्यात आणि नंदुरबारकडे आणखी काही ठिकाणी तुमची यंत्रणा बसवल्याचे त्यांनी तेव्हा मला सांगितले होते. त्या जागांची यादी तुमच्याकडेच असणार. तिथेही डायोड आणि एक्झिट बटण तपासून घ्या. ही मागणी मी माझ्यासाठी करत नाही, पण बाकी सगळ्यांच्या आधी ही पूर्ण व्हावी असे मला मनापासून वाटते.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल धुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जुनी रिले पत्तीसकट डबीत जपून ठेवली आहे. मातीचे घरही अजून बोर्डावरच आहे. तुमचा माणूस आला तर दोन्ही दाखवीन.

सध्या दार साध्या कडीवर आहे आणि रात्री मी अभ्यासिकेतच झोपतो.

आपला,
अभ्यासिका चालक,
देवपूर, धुळे

सोबत : बोर्डाचे चार फोटो, चाचणी शुल्काची पावती, आपल्या अहवालाची प्रत, मी घेतलेल्या मोजमापांचा कागद.