आई-बाबा, यायची घाई करू नका

ता. 24 मे

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, पण बाबांना त्यावर अर्धंच ऐकू येतं, आणि आई, तुला विचारायचं असतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. तू मोठ्यानं वाच आणि बाबांना ऐकव. त्यांच्या हातात पत्र देऊ नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्या डोळ्याला ताण नको.

बाबा पहिल्यांदा उन्हाचंच विचारतील. ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नाही आणि उद्यापासून नवतपा, ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. 2013 च्या मे महिन्यात नागपूर 47.9 वर गेलं होतं, तेव्हा बाबा भर दुपारी बांध पाहून आले आणि ऊन लागून पडले. तेव्हा त्यांचं अंग किती तापलं होतं ते अजून माझ्या हाताला आठवतं. म्हणून हात जोडून सांगतो, दादा-वहिनी पुण्याला ठेवून घेतायत तर राहा. पहिला चांगला पाऊस पडला की मी स्वतः घ्यायला येतो.

आमचं बरं चाललंय. पहाटे चारला उठतो, शेतातलं काय असेल ते नऊच्या आत उरकतो आणि दहाला घरात. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, बाबांनी लावलेली सवय. जेवणाला रात्री पाण्यात घातलेला भात, कांदा, तळलेली मिरची आणि वर ताक. या दिवसांत याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पाण्याचा डेरा ओट्याच्या कोपऱ्यात रेतीवर मांडलाय, रेती सकाळ-संध्याकाळ ओली करतो. फ्रिजचं पाणी मुलंसुद्धा मागत नाहीत.

मांडव मात्र यंदा दारापुढे मोठा टाकला. बांबू घरचेच होते, वर जांभळीच्या डहाळ्या. त्याखाली रोज दुपारी सगळा मोहल्ला असतो. तेंदूपानाचा हंगाम चालू होता तोवर बाया पहाटे जंगलात जायच्या आणि पानांचे भारे घेऊन थेट इथेच यायच्या. पाण्याचा तांब्या फिरायचा, मग सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसायच्या. काकूंचा हात काय चालतो! बोलता बोलता पानं मोजतात, देठ एका बाजूला जुळवतात, वाखाचा एक फेरा, एक गाठ, की पुडा बाजूला. आपली धाकटी त्यांच्याजवळ बसून शिकली. तिची गाठ अजून सुटते, पण मोजणी चुकत नाही. वाघाच्या भीतीनं कोणी एकटं जात नव्हतं, घोळक्यानं जायचं आणि घोळक्यानंच यायचं. यंदा आपल्या गावच्या सगळ्या बाया सुखरूप परतल्या, हे तुला मुद्दाम कळवतो, आई, कारण तू रोज त्याच काळजीत असशील.

मोहाचं तर सांगायचंच राहिलं. बांधावरच्या मोहाला यंदा चांगला बहर होता. झाडाखालचा पाला जाळला नाही, झाडून घेतला. रात्री टपटप पडलेली फुलं पोरं उजाडता उजाडता वेचायची. वेचताना निम्मी तोंडात जायची, ते सोड. वाळवून डब्यात भरून ठेवलीत, तू आल्यावर पुऱ्या कर.

आता वाळवणाचं, सावकाश वाच. तुझ्याशिवाय कुरडया घालायच्या म्हणून सुनेला धाकधूक होती. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. चीक गाळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळ ओतून टाकली. पाण्याला आधण आल्यावर एकानं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं घोटायचं, थांबायचं नाही. घोटायला मी होतो. पाच मिनिटांत चाटू जड होतो, खांदा भरून येतो, आणि मग एकदम तो पांढरा चीक काचेसारखा चकचकीत दिसायला लागतो. तुझ्या सुनेनं बोट पाण्यात बुडवून चिकाला लावलं, बोटाला चिकटला नाही, म्हणाली, "झाला." तू हेच करायचीस ना? बाबांचं जुनं धोतर बाजेवर अंथरून त्यावर सोऱ्यानं घातल्या. ऊन इतकं की एका दिवसात खणखणीत वाळल्या. मुलांनी वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून खाल्ला आणि कढई खरवडण्यावरून भांडले.

अक्षय्य तृतीयेला आजोबा-आजीच्या नावानं घागरी भरल्या. काकांना पानावर बसवलं, आमरस आणि शेवया केल्या. आपल्या झाडाचे आंबे तेव्हा उतरले नव्हते, बाजारातून आणले. आता झाडाचे उतरवलेत आणि कोठीत धानाच्या तणशीवर पिकायला माच घातलाय. दार उघडलं की वास ओसरीपर्यंत येतो. शेजारच्या काकांचा मुलगा महिनाअखेरीला पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक पेटी, कुरडया आणि थोडी चारोळी पाठवतो. बाबांना साखर आहे, त्यांना रसाची एकच वाटी. ते दुसरी मागतील, आई, तू विरघळू नकोस.

अंगणात झोपणं यंदा बंद केलं, पलीकडच्या टोलीवर बिबट्या दिसला म्हणून. सगळे छतावर झोपतो. संध्याकाळी छतावर बादल्या ओततो, तरी नऊपर्यंत तळवे पोळतात. पण दहानंतर तलावाकडून वारा सुटतो. पोरं पडल्या पडल्या आजोबांची गोष्ट मागतात, मी सांगतो ती त्यांना पुरत नाही.

तलावाबद्दल एक चांगली बातमी, बाबा. पाणी पार खाली गेलंय, म्हशी बसतात तेवढंच उरलंय, पण गाळ काढायला यंत्र आलं. तुम्ही नेहमी म्हणता, मालगुजारांची जमीनदारी 1951 ला गेली आणि तलावाची काळजी घेणारं कोणी राहिलं नाही. यंदा सगळा गाव पाळीवर उभा होता. काळाभोर गाळ निघाला, आपल्या खालच्या धानाच्या बांधीत सात-आठ ट्रॉल्या टाकून घेतल्या. हातात घेऊन चुरला तर लोण्यासारखा मऊ. तुम्ही असता तर बांधावरून हलला नसता.

त्यावरूनच एक विचारायचंय. मृग जवळ आला. धानाच्या रोपांचे पऱ्हे दरवर्षीच्याच बांधीत टाकू की गाळ टाकलेल्या बांधीत? काका म्हणतात नव्या गाळात पाणी साचून राहील, पहिल्या वर्षी तिथे रोवणीच करा. मला निर्णय होत नाहीये. तुम्ही दोन्ही बांध्यांचं पाणी कुठून निघतं ते ओळखून आहात, तेव्हा विचार करून सांगा. रात्री आठनंतर फोन करा, दुपारी इथे लाइन नसते. आई, थेंब वेळेवर घालतेस ना? चष्म्याचा नंबर मिळाला की कळव.

दादा-वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा,
धाकटा