शिरस्तेदार काका, तुक्क्यांचा हिशेब ठेवलात म्हणून

आदरणीय शिरस्तेदार काका,
सा. न. वि. वि.

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. मुलांचे पर्सेंटाइल हातात आले, आता कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची, धावपळ सुरू होईल. तुमचे समोरासमोर आभार मानायची सोय नाही. शाल-श्रीफळाचं नुसतं नाव काढलं तरी तुम्ही अभ्यासिकेत पाय टाकायचे बंद व्हाल. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. पुढच्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांना त्यातून काही मिळालं तर तुमची हरकत नसेल.

तुम्ही आलात तेव्हा बहुतेक मुलं एका क्लासची फी भरून मोकळी झालेली होती. क्लासचं नाव घेत नाही, पण तिथल्या नोट्स तुम्ही पाहिल्या होत्या. परीक्षेत १५० ऐवजी १२० प्रश्न झाले तरी सराव पेपर १५० चेच चालू होते. वेळ तेव्हाही दोन तास होता, आताही तेवढाच आहे. म्हणजे जिथे एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं, तिथे मुलं ४८ सेकंदांच्या घाईने सोडवायला शिकली होती. ही घाई सामान्यज्ञानात खपून जाते. कायद्याच्या प्रश्नात मात्र नियमातला एखादा शब्द गाळला जातो आणि उत्तर उलटं पडतं.

त्याहून मोठा घोळ निगेटिव्ह मार्किंगचा. क्लासने राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटचे पेपर आणून हेच सीईटीला चालतील म्हणून वाटले. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे असतात आणि उत्तराला लागणारा कायदा त्या उताऱ्यातच दिलेला असतो. आपल्या सीईटीत गुण कापत नाहीत, प्रश्न सुटे असतात आणि बरेचसे थेट माहितीवर असतात. क्लॅटची शिस्त अंगी बाणवलेली मुलं वीस-वीस प्रश्न कोरे सोडून यायची. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी वीसमागे सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे ते पाच गुण फुकट सोडून दिलेले. आणि कलमं? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, तरी नोट्समध्ये जुन्या भारतीय दंड संहितेतलेच आकडे: खून ३०२ आणि फसवणूक ४२०. संहितेत ती अनुक्रमे १०३ आणि ३१८ आहेत. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली, हे फी घेणाऱ्यांच्या कानावर गेलेलंच नव्हतं.

हे सगळं तुम्ही दुरुस्त केलंत, पण ते कुणी जाणकार माणूस करू शकला असता. आभार मानायचे आहेत ते टिंबांचे.

सराव पेपर सोडवताना ज्या प्रश्नावर तुक्का मारलाय त्याच्यापुढे टिंब द्यायचं, असा तुमचा नियम होता. काहीच कळलं नाही तर एक टिंब, दोन पर्याय खोडून उरलेल्या दोनांत अडकलं तर दोन टिंबं. पेपर तपासताना तुम्ही लाल पेनाने एकूण गुण लिहायचात आणि त्याखाली पेन्सिलीने दुसरा आकडा: टिंबांवर मिळालेले गुण वजा करून. समजा, एकूण ७८. एका टिंबाचे १८ प्रश्न, त्यांतले ५ बरोबर. दोन टिंबांचे १६, त्यांतले ४ बरोबर. पेन्सिलीचा आकडा ६९. गुण खरे ७८ च, ते कुणी हिरावून घेत नाही, पण अभ्यास ६९ चा झालाय.

आणि मग तुम्ही कागदाचा तो कोपरा आत दुमडायचात.

शेजारच्याला ७८ दिसायचे. पेन्सिलीचा आकडा फक्त ज्याचा त्याला, घरी जाऊन कोपरा उलगडल्यावर. बॅचमध्ये पहिल्या आलेल्या मुलीचे नऊ गुण नशिबाचे होते हे तुम्ही कधी चारचौघांत बोलला नाहीत. पेन्सिलीचा आकडा सगळ्यात कमी असलेल्या मुलाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहिलंही नाही. क्लासच्या भिंतीवर दर आठवड्याला गुणांची उतरती यादी लागायची. खालच्या पाच नावांपैकी तीन मुलं दिवाळीनंतर क्लासला गेलीच नाहीत. तुमच्याकडे मुलं टिंबं खरी द्यायला लागली, ती कोपरा दुमडलेला असायचा म्हणूनच. उघड्यावर मोजणार असता तर कुणी टिंब दिलंच नसतं, आणि मग हिशेब कसला राहिला असता?

टिंबांचा उपयोग किती, हे क्लासवाल्यांनाही कळावं म्हणून थोडं खोलात लिहितो. दोन टिंबांच्या प्रश्नांत निम्म्याच्या आसपास उत्तरं बरोबर यायला हवीत. चार-पाच पेपर सलग पाहून ती पाव हिश्श्यावरच अडकलेली दिसली, तर तो विद्यार्थी बरोबरचाच पर्याय आधी खोडतोय. असं बहुतेक वेळा कायद्याच्या भागात होतं, आणि कारणही ठरलेलं असतं: दिलेला नियम बाजूला ठेवून मूल मनाला न्याय्य वाटेल ते उत्तर निवडतं.

तुमचं छत्रीचं उदाहरण अजून फळ्यावर आहे. नियम असा की दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. एकाने मित्राची छत्री आपलीच समजून नेली. चोरी नाही, हे सगळ्यांनी बरोबर लिहिलं. अर्ध्या जणांनी कारण निवडलं होतं ‘मित्राची वस्तू असल्याने’. बरोबर कारण अप्रामाणिक हेतू नाही हे. उत्तर जमलं पण कारण चुकलं तर तेही टिंबच, असं तुम्ही सांगितलंत. पुढच्या पेपरात छत्रीच्या जागी उभं झाड आलं. जमिनीला जोडलेलं असेपर्यंत ते जंगम नाही, तोडल्याक्षणी जंगम होतं, आणि ‘मित्राची वस्तू’ म्हणून सुटलेली सगळी मुलं तिथे पकडली गेली.

इतर तीन भागांत टिंबं वेगळं बोलतात. सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२ प्रश्न: इथे एका टिंबांची रांग लागली तर फार जीव टाकू नये, महिन्याच्या घडामोडी परत वाचाव्यात एवढंच. तर्कक्षमतेचे २४: इथे टिंबं शेवटी साचतात, कारण बैठकव्यवस्थेच्या एका कोड्यावर सात-आठ मिनिटं गेलेली असतात. दीड मिनिटात आकृती बसली नाही तर खूण करून पुढे जायचं. कायद्याचेही २४ च आहेत, आणि इंग्रजीचे ४०. पेपराचा तिसरा हिस्सा इंग्रजी आहे आणि मराठी माध्यमाची मुलं तो सगळ्यात कमी करतात, कारण ‘लॉ म्हणजे कायदा’. बाकीचे प्रश्न मराठीतही समोर येतात, इंग्रजी काही मराठीत येत नाही. चूक ओळखा प्रकारात तर सापळाच असतो: ‘डिस्कस अबाउट’ आपल्याला खटकतच नाही, कारण मराठीत आपण विषयाबद्दल चर्चा करतो. तुम्ही रोज पाच क्रियापदं त्यांच्या शब्दयोगींसकट लिहून घेतलीत, ‘कॉम्प्लाय विथ’, ‘अ‍ॅबस्टेन फ्रॉम’ अशी, आणि पेन्सिलीचा आकडा सर्वांत जास्त हलला तो याच भागात.

कायद्याचे शब्द मराठीतून वाचणाऱ्यांना तुमची आणखी एक सूचना कामी आली. प्रश्नातलं ‘प्रतिफल’ (करारातला मोबदला) वाचून मुलं फळाचा विचार करत बसायची, शेजारी इंग्रजीत ‘कन्सिडरेशन’ लिहिलेलं असतानाही. दोन्ही मजकूर वाचायला दहा सेकंद जादा लागतात. अपकृत्य (टॉर्ट) आणि संविदेच्या (करार) प्रश्नांना ते द्यावेतच.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचं आयएलएस इथे जागांसाठी चुरस मोठी असते. ७८ वर खूश होऊन थांबलेला विद्यार्थी तिथे थोडक्यात मागे राहतो. पेपर वेगवेगळ्या पाळ्यांत होतो आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्या पाळीतल्या किती जणांच्या पुढे आहात त्याचं माप. अनेक पालक अजून ‘नव्वद टक्के पडले’ असंच सांगत फिरतात. त्यांना कोण समजावणार!

काका, कोर्टात आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या तारखा सांभाळल्यात. निवृत्तीनंतर रविवार आमच्या मुलांना देण्याची काहीच गरज नव्हती. तालुक्याच्या गावी अशी माणसं असतात, त्यांचा फलक नसतो, फोटो नसतो, त्यांच्यामुळे कुणाचा प्रवेश झाला हे प्रवेश घेणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. शिकवणारे पुष्कळ भेटतात. शिकवताना समोरच्याची अब्रू राखणारे फार थोडे.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमचं ऐकणार नाही, ते आताच सांगून टाकतो. पेपर क्रमानेच सोडवायचा हा तुमचा आग्रह. पुढच्या बॅचला आम्ही सामान्यज्ञान आधी घ्यायला सांगणार आहोत: येतं किंवा येत नाही, ३२ प्रश्न बारा-तेरा मिनिटांत संपतात. मग इंग्रजीला २५, कायद्याला ३०, तर्काला ३८ मिनिटं देऊनही चौदा-पंधरा मिनिटं टिंबांसाठी उरतात, आधी दोन टिंबांची, मग एका टिंबाची. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. परीक्षेत टिंबं कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांकापुढे द्यायची, कारण संगणकाच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही. तुम्हाला हे पटणार नाही, तेव्हा पुढच्या रविवारी भांडायला या.

आपले नम्र,
अभ्यासिकेतले आम्ही सगळे