शनिवारी मी कुठे असते

डेटन, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही फोन करता, इथे सकाळ असते आणि मी उचलत नाही. आईचा जीव टांगणीला लागतो हे मला कळतं. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून लिहायला बसले.

मी इथल्या विमानवेड्या लोकांच्या क्लबमध्ये जायला लागलेय. गावाबाहेर लहानसा विमानतळ आहे, तिथल्या एका हँगरमध्ये दर शनिवारी ही मंडळी जमतात. आई, लगेच देवाजवळ दिवा लावू नकोस. विमान चालवायचं शिक्षण मी घेत नाहीये. मी विमान बांधायला शिकतेय.

एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकीत सुरू केलेली संस्था. आज तिच्या नऊशेच्या आसपास शाखा आहेत, त्यातली एक आमची. घरी, गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्यांनी एकमेकांना मदत करावी म्हणून ती निघाली. इथला कायदा सांगतो की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी स्वतः केलेलं असेल, तर त्या विमानाला परवाना मिळू शकतो. आधी तपासणी होते, मग सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ठरलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडवायचं. आपल्याकडे वैमानिक अमोल यादवांनी मुंबईत, कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. बाबा, तुम्ही ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्या माणसाला इथे जन्म मिळाला असता तर किती वर्षं वाचली असती, असं हँगरमध्ये बसल्यावर माझ्या सारखं मनात येतं.

आता बाबा, हे खास तुमच्यासाठी. सध्या आमच्याकडे आरव्ही-१४ चा पंख चालू आहे. दोन माणसांचं विमान, सगळं ॲल्युमिनियमचं. सुटे भाग कंपनीकडून पेट्यांतून येतात, जोडणी हाताने. मालक निवृत्त शिक्षक आहेत आणि आम्ही तिघं-चौघं त्यांच्या हाताखाली. सुरुवातीला मला भोकांच्या कडेचे बर, म्हणजे ड्रिल केल्यावर उरलेले धारदार कंगोरे, काढायला बसवलं. बोट फिरवलं की बर कळतो, आणि तो राहिला तर पुढे तिथूनच पत्र्याला तडा जातो. मग पत्रे क्लिकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिनांनी, धरायचे: चंदेरी क्लिको ३/३२ इंचाच्या भोकाला, तांबूस १/८ च्या. हे मी तुम्हाला सांगतेय, म्हणजे काय ते बघा!

मग रिवेट, पत्रे कायमचे जोडणारी धातूची मेख. बाहेरून एकजण रिवेट ठोकणारी गन धरतो, आत हात घालून दुसरा डॉली, म्हणजे रिवेटचं दुसरं टोक ज्यावर दाबलं जातं तो जड ठोकळा. डॉली माझ्याकडे असते, कारण माझा हात बारीक आहे, दोन रिब्जच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांच्या, मधून कोपरापर्यंत जातो. आत दिसत काहीच नाही. गन सुरू झाली की हादरा मनगटातून खांद्यात चढतो, आणि आवाज पोकळाचा भरीव झाला की समजायचं, बसला. नंतर आरसा आणि टॉर्च घेऊन बघायचं. दाबलेलं डोकं रिवेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच पाहिजे, कललेलं नको, कडेला चिरा नकोत. कललं असेल तर ड्रिलने डोकं उडवायचं, उरलेला दांडा पंचने बाहेर काढायचा आणि नवा रिवेट घालायचा. 'चालून जाईल' हे वाक्य मी तिथे अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हे सगळं तुम्ही नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात, अख्खी नोकरीभर केलंत. आधी मिग-२१ बिस, मग मिग-२७, शेवटी सुखोई. आणि आम्हाला काय माहीत होतं? बाबा कंपनीच्या बसने जातात, बसने येतात. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जेवताना आम्ही डाव्या बाजूला बसायचो. काय केलंत विचारलं की 'काम होतं' एवढंच उत्तर. ते योग्यच होतं, आत लढाऊ विमानं होती, आतलं गेटबाहेर आणायचं नव्हतंच. पण त्यामुळे तुमच्या हातात काय विद्या आहे ते घरात कुणाला कळलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून उठला नाहीत, असं आईने सांगितलं. त्यानंतर मी इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात गेले. तिथे एक मिग-२१ आहे, ओझरचं नव्हे, पण माझे डोळे रिवेटच्या रांगांवरून हलेनात. आधी पाहिलं असतं तर मला नुसतं एक जुनं विमान दिसलं असतं.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. त्यांच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन त्यांच्या सायकल दुकानातल्या मेकॅनिकने, चार्ली टेलरने, सहा आठवड्यांत बनवलं. साधारण १२ अश्वशक्तीचं, तेही लेथ, ड्रिल प्रेस आणि हातातली हत्यारं एवढ्यावर. नाव झालं ते दोघा भावांचं. पण विमानांच्या देखभालीत पन्नास वर्षं काढणाऱ्या माणसाला अमेरिकेचं सरकार आज टेलरच्या नावाचा पुरस्कार देतं. क्लबमध्ये त्याचं नाव निघालं की मला आपली टाउनशिप आठवते. तिथे असे किती टेलर राहतात, आणि त्यांची नावं कुणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आई, तुझ्याकडे येते. क्लबच्या एका सभासदाच्या सेस्ना नावाच्या छोट्या विमानात मी शेजारी बसून गेले होते. इंजिन बंद पडलं तर काय, हेच तू विचारणार. विमान तरंगत खाली येतं. एक किलोमीटर उंचीवर असेल तर साधारण नऊ किलोमीटर पुढे जाता येतं, तेवढ्यात शेत किंवा माळरान शोधायचं, आणि वैमानिकांकडून हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. तुला आवडेल असं दुसरंच काम इथे आहे. यंग ईगल्स म्हणून, १९९२ पासून, ८ ते १७ वर्षांच्या मुलांना फुकट विमानातून फिरवून आणतात, पेट्रोलचा खर्च वैमानिक स्वतः करतात. वीस लाखांहून जास्त मुलं अशी उडून आली. त्या दिवशी मी खाली असते: पालकांच्या सह्या घ्यायच्या आणि मुलांचा हात धरून, पंख्याकडून अजिबात नाही, मागच्या बाजूने विमानापर्यंत न्यायचं. तू शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलास, तुला हे डोळे मिटून जमेल. नाश्त्याला पॅनकेक असतात. परवा मी पोहे नेले होते, पातेलं रिकामं परत आलं.

जुलैच्या शेवटी विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला ईएएचा मेळावा भरतो. आठवडाभर, दहा हजारांवर विमानं येतात, लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. रिवेटिंग, वेल्डिंग, पंखाला कापड चढवणं, सगळं तिथे हाताने करायला मिळतं. दोघांचा व्हिसा आहेच, तिकिटं मी काढते. या वर्षी नाही म्हणू नका.

त्याआधी येत्या शनिवारी, तुमच्याकडे संध्याकाळी साडेसातला, मी हँगरमधून व्हिडिओ कॉल करीन. पंखाच्या मालकांना तुमच्याशी बोलायचंय. इंग्रजीची काळजी नको, मी मध्ये आहे. कारखान्यातलं काही विचारणार नाहीत, हे मी त्यांना आधीच बजावलंय. प्रश्न एवढाच आहे: लांब पत्र्यावर रिवेट मारत गेलं की शेवटी पत्रा दोन रिब्जच्या मध्ये फुगतो. सुरुवात मधून करून दोन्ही टोकांकडे जायचं, की एक सोडून एक रिवेट मारत जायचं? तुम्ही कसं करत होता ते कागदावर काढून ठेवा.

तुमची लेक