मावशींना हे कुणी शिकवलंच नाही, साहेब

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

नमस्कार साहेब,

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, शेवटची तीन वर्षं आम्ही पेशंट सांभाळायला घरी बायका पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावश्यांवर काढली. पुण्यात ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना ब्युरो म्हणजे काय ते सांगायला नको, फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कुणीतरी दारात, हातात आधारची झेरॉक्स, बारा तासांची ड्युटी, पैसे ब्युरोला द्यायचे आणि कमिशन कापून उरतील ते तिला. आधी काय करायचीस विचारलं तर एक म्हणाली शिवणकाम.

एकदा मी ऑफिसातून लवकर आले तर आईंचे दोन्ही हात ओढणीने पलंगाला बांधलेले, मनगटावर वळ. मी खूप ओरडले. ती पोरगी बावीस-तेवीसची असेल, रडत म्हणाली ताई त्या डायपर ओढून काढतात, आधीच्या घरी वहिनींनीच असं बांधायला दाखवलं होतं. मी तिला त्याच दिवशी काढलं, ब्युरोने दुसरी पाठवली, आणि ही गेली असणार पुढच्या घरी तीच ओढणी घेऊन.

हे बांधणं म्हणजे छळ आहे हे तिला माहीतच नव्हतं हो. आणि बांधायचं नाही तर मग करायचं काय, ते मला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टर नंतर म्हणाले, डायपर ओढतायत म्हणजे ओला असेल, खाज येत असेल, पोट साफ झालं नसेल, बोलता येत नाही म्हणून हात चालतात, दर दोन तासांनी बघत जा आणि हाताला काहीतरी काम द्या. मग आईंना रुमाल दिले, त्या दिवसभर घड्या घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. ओढणी सुटली. एवढंच ट्रेनिंग मागतेय मी.

पेशंटची देखभाल शिकवणारे जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स आहेत, माहितीये. आमच्या ब्युरोने कधी कुणाकडे सर्टिफिकेट मागितलेलं मी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. सगळे सांगतात कॅमेरा लावा, आम्हीही लावला, पण कॅमेरा मावशीवर असतो, मुलावर नसतो. आमच्या शेवटच्या मावशी सांगायच्या, एका घरी मुलगा म्हणायचा बाबांना जेवण कमी द्या म्हणजे डायपर कमी लागतील, आणि एकदा कसल्याशा कागदावर बाबांचा अंगठा घेतला तो मावशींच्या डोळ्यांदेखत. तुम्ही कुणाला बोलला नाहीत? "बोलले असते तर संध्याकाळी काम गेलं असतं ना ताई." 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे हे त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. आणि मी स्वतः ती सासूबाई गेल्यावर शोधली, तो भाग वेगळा.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात म्हातारं माणूस सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण घरात ठेवून उपाशी मारलं तर काय? 2019 च्या दुरुस्ती विधेयकात घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी होती, ते डिसेंबरात लोकसभेत मांडलं गेलं आणि पुढे कायदा काही झालाच नाही. दिल्लीचं दिल्लीला, पण राज्याने ब्युरोंची नोंदणी करायला कुणी अडवलंय? नोंदणीची अट एकच ठेवा, पहिल्या घरी पाठवायच्या आधी आठ दिवस शिकवायचं आणि त्या आठ दिवसांचा रोज ब्युरोने कमिशनमधून द्यायचा, कारण रोज बुडवून कुणी शिकायला येणार नाही. शिकवायला वीस-वीस वर्षं हे काम केलेल्या मावश्याच घ्या, पीपीटी नको. आणि मावशीने तक्रार केली म्हणून तिचं काम काढलं तर त्या ब्युरोची नोंदणी रद्द.

15 जूनला ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस असतो, कार्यक्रम होतात, शाल-श्रीफळ होतं. येत्या 15 जूनला पुढच्या चार रांगा ड्युटीवरच्या मावश्यांसाठी ठेवा, त्या दिवसाचा त्यांचा रोज देऊन, आणि माइक त्यांच्याकडे द्या.

आपली,
एक सून, कोथरूड, पुणे