रविवारी सकाळी आठला फोन करू, आबा

मेरीलँड,
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. थंडी अजून हटलेली नाही. आबा, गुडघ्याला तेल लावून घेताय ना रोज? आईला विचारलं की ती "हो हो" म्हणते, पण मला तिच्या "हो हो"चा भरवसा नाही.

पत्रास कारण, गेल्या रविवारचा फोन. नातीनं तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की इथल्या नेव्हल अकॅडमीच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज भरतेय. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तेवढंच. पण पोरीनं ते मनाला लावून घेतलंय. रात्री जेवताना दोनदा विचारलं, "आबांना आवडलं नाही का?" मला तुमच्याशी अशा गोष्टी फोनवर बोलता येत नाहीत, लहानपणापासून नाहीच आल्या. म्हणून लिहायला बसले.

आधी हे शिबिर म्हणजे काय ते सांगते, कारण वहिनी म्हणाली की गावात "नात अमेरिकेच्या फौजेत भरती झाली" असं पसरलंय. तसं काहीही नाही. ही अकॅडमी अॅनापोलिसला, आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर, सेव्हर्न नदीच्या काठी. 1845 सालापासून तिथे नौदलाचे अधिकारी घडवतात. आपल्या खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांची पोरं एकत्र असतात, इथे दलागणिक अकॅडमी वेगळी, भूदलाची वेस्ट पॉइंट तर 1802 ची. अकरावीतल्या मुलांना अॅनापोलिसला जूनमध्ये जेमतेम आठवडाभर राहायला बोलावतात, अशा तीन तुकड्या होतात. राहायचं बँक्रॉफ्ट हॉलमध्ये. अकॅडमीचे चार हजारांवर कॅडेट, ज्यांना इथे मिडशिपमन म्हणतात, ते सगळे त्याच एका इमारतीत राहतात. पहाटे पी.टी., दिवसभर वर्ग आणि प्रयोगशाळा, आणि मुलांचा ताबा वरच्या वर्गातल्या मिडशिपमनकडे. शपथ नाही, करार नाही. आठवडा संपला की पोरं आपापल्या घरी. हे आपल्याला झेपेल का, आवडेल का, एवढंच कळून घ्यायचं.

अर्ज ऑनलाइन असतो, जानेवारीत सुरू होतो. शाळेतले गुण, वर्गातला क्रमांक, सॅट परीक्षेचे गुण, खेळ, शाळेबाहेर काय करता, हे सगळं विचारतात. तीन संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. गेल्या उन्हाळ्यात ती इथल्या तलावावर जीवरक्षक होती, त्याचे तास तिनं वहीतून एकेक करून मोजले आणि बेरीज मला पुन्हा करायला लावली. "एक तासही जास्त लिहायचा नाही," म्हणाली. तुम्ही कँटीनचा हिशोब करायचात, ते आठवलं मला. याच अर्जानं खऱ्या प्रवेशाच्या अर्जाचीही पहिली पायरी चढली जाते. आणि शिबिराला निवड झाली नाही म्हणून पुढचं दार बंद होत नाही, हे मी तिला रोज सांगते, कारण जागांपेक्षा अर्ज खूप जास्त येतात.

खऱ्या प्रवेशाला मात्र एक गोष्ट लागते, ती ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडेल. इथे लोकप्रतिनिधीचं नामांकन लागतं. तुम्ही लगेच म्हणाल, म्हणजे वशिला आलाच! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आपल्या भागाचा प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर, या तिघांकडे वेगवेगळे अर्ज करायचे, निबंध लिहायचे, मुलाखती द्यायच्या. ओळखपाळख लागत नाही. प्रत्येकाच्या नावावर एका अकॅडमीत एका वेळी पाचच कॅडेट असू शकतात, म्हणून देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून पोरं येतात. तरी माझ्या मनाला आपली पद्धतच सरळ वाटते. यूपीएससीचा पेपर, मग एसएसबीच्या निवड-मुलाखतीचे पाच दिवस. कुणाच्या सहीचा प्रश्न नाही.

शरीराची चाचणीही आहे. पुल-अप, दंड, पोटाचे व्यायाम, शटल रन, एक मैल पळणं. आणि एक भलताच प्रकार, दोन्ही गुडघ्यांवर बसून एका हातानं बास्केटबॉल जितका लांब जाईल तितका फेकायचा. गॅरेजसमोर तिनं खडूनं रेघ मारलीय. रोज शाळेतून आली की गुडघ्याखाली जुनी सतरंजी घेऊन बसते, फेकते, चेंडू पडला तिथे खूण करते, धावत जाऊन आणते, पुन्हा फेकते. परवा पावसात भिजून खडूच्या सगळ्या खुणा गेल्या तर टेप घेऊन नव्यानं मोजायला लागली. पुल-अप अजून दोनच निघतात. तिसऱ्याला हनुवटी दांड्याच्या खाली दोन बोटं अडते आणि दंड थरथरतात. मी स्वयंपाकघरातून बघते. तिला कळतं मी बघतेय ते, पण ती वळून बघत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तुम्ही "बरं" का म्हणालात ते मला कळलं, आबा. डिसेंबर 1971 मध्ये तुम्ही वीस वर्षांचे होतात, मराठा लाइट इन्फंट्रीत, बांगलादेशच्या युद्धात जमालपूरला. आमच्या लहानपणी दिवाळीत पडवीत बसून तुम्ही ते सांगायचात. लढाईचं फार सांगायचा नाहीत, ट्रान्झिस्टरचं सांगायचात. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात शिरतंय, एंटरप्राइझ नावाचं अणुशक्तीवरचं जहाज आहे, त्यावर विमानांचा तळच आहे. पलटणीत त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही, असं तुम्ही म्हणायचात. आणि आज तुमची नात म्हणतेय की मला त्याच नौदलात जायचंय. मी तुमच्या जागी असते तर मलाही दुसरा शब्द सुचला नसता.

तिला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं. लपवून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता, वाचत होती. सकाळी खाली आली आणि म्हणाली, "आई, आबा ज्या जहाजाला घाबरले नाहीत, त्या जहाजाबद्दल मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय." अर्ज मागे घेते असं म्हणाली नाही. मीही सुचवलं नाही.

माझा पासपोर्ट अजून आपला आहे. तिचा नाही. ती बाल्टिमोरला जन्मली, हाच तिचा देश. पुढे शपथ घेतली तर ती इथल्याच राज्यघटनेची घेईल, आणि पदवीनंतर निदान पाच वर्षं नोकरी करेल. शिकायचा खर्च नाही, हे कारण मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्हीही पगारासाठी गेला नव्हतात. दोन्ही देशांची नौदलं 1992 पासून मलबार सरावात एकत्र येतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं तुमच्या मनातली ती रात्र पुसली जाईल असं मी समजत नाही.

भीती मलाही आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही अकॅडमी बघायला गेलो होतो. बँक्रॉफ्ट हॉलमध्ये वर एक मोठी खोली आहे, तिला मेमोरियल हॉल म्हणतात. तिथे शिकून गेलेल्या आणि लढाईत कामी आलेल्यांची नावं भिंतीवर आहेत. ती एकेक नाव वाचत पुढे चालली आणि मी दाराशीच थांबले. मला अपशिंगे गावातला शिलालेख आठवला, पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांचा. तुम्ही मला सायकलवरून दाखवायला नेलं होतं आणि चप्पल काढायला सांगितली होती. पाय चांगलेच पोळत होते. त्या दिवशी हॉलमध्ये पोरीनं आपण होऊन टोपी काढून हातात धरली. तिला मी कधी काही शिकवलं नव्हतं.

आणखी एक आठवण. 2025 च्या मे महिन्यात खडकवासल्याहून पहिल्या 17 मुली पास आऊट झाल्या, तेव्हा तुम्ही मला फोन केला होतात. एरवी तुम्ही आपणहून फोन करत नाही. "अंतिम पग ओलांडला गं पोरींनी," संचलनातल्या त्या शेवटच्या पायरीबद्दल एवढं बोललात आणि आवाज दाटला. मी अकरावीत असताना एन.सी.सी.चा गणवेश घालून आरशासमोर उभी राहायचे, ते तुम्ही पाहिलं होतंत. तेव्हा खडकवासल्याचं दार मुलींना बंद होतं. त्यात तुमचा दोष नव्हता, आणि माझ्या मनात त्याची सल आता नाही. अॅनापोलिसला मुली 1976 पासून आहेत. आई ज्या सुनीता विल्यम्ससाठी देवाजवळ दिवा लावत होती, ती तिथूनच 1987 ला पदवी घेऊन बाहेर पडली.

तुम्ही आनंदी व्हा असं मी म्हणत नाही. नको म्हणायचं असेल तर नको म्हणा, पण तिच्याशी बोलून म्हणा. तुमच्या "नको"चं कारण तिला ऐकू द्या. ती वाद घालेल, रागावू नका.

ट्रंकेत तुमचे जुने फोटो आहेत, त्यातला पलटणीचा एक वहिनीला मोबाइलवर काढून पाठवायला सांगा. मागून नावं सांगता आली तर अजून बरं. आणि तिला विचारायचंय की लांब कूच असली की पायाला फोड येऊ नयेत म्हणून तुम्ही काय करायचात. तेलाचं काहीतरी होतं, मला नीट आठवेना.

शनिवारी रात्री साडेनऊला ती लावेल, म्हणजे तुमच्याकडे रविवारी सकाळी आठ. चहा झालेला असेल. या वेळी फोन आईकडे देऊ नका.

तुमची लेक